पेनन्स देणारी रेजिनमावशी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या रेजिनमावशीकडे चहा प्यायची एक अट आहे. आधी एक पाप सांगायचं.

मी मस्करी करत नाहीये. ती रिकामं पातेलं हातात घेऊन गॅसजवळ उभी राहते आणि बोलते, "बोल बाय. या आठवड्यातलं. शिळं नको." पाप छोटं असलं तरी चालतं, पण खरं लागतं. मी एकदा आईशी भांडले असं सांगून सुटायला बघितलं, तर म्हणाली ते तर सगळेच करतात, त्यावर अर्धा कप पण मिळणार नाय.

मावशी बहात्तर वर्षांची. मूळची उरणकडच्या गावची, ख्रिश्चन, तीस-एक वर्षं पनवेलमध्ये. नवरा जाऊन बराच काळ झाला. मी लहान असताना तिला आंटी म्हणायचे, तर तिला ऐकूच यायचं नाही. मावशी म्हटलं की बंद दारातूनही ऐकू यायचं. एरवी तिला खरंच थोडं कमी ऐकू येतं, हे लक्षात ठेवा.

तर पाप सांगितलं की चहा मिळतो आणि चहासोबत पेनन्स, म्हणजे प्रायश्चित्त. आणि मावशीचा पेनन्स कायम एकच. ज्याचं वाईट केलंस त्याला जाऊन सांग. देवाचं नाव घ्या, मेणबत्ती लावा, असलं काही नाही. मी ऑफिसात ताप आलाय असं सांगून मैत्रिणींबरोबर कर्नाळ्याला गेले होते. मावशी बोलली, उद्या साहेबाला सांग. मी सांगितलं. साहेब हसले आणि पुढचे दोन शनिवार कामाला बोलावलं. मी रडकुंडीला येऊन मावशीकडे गेले, तर ती खूश. म्हणे, बघ, आता कसं हलकं वाटतं. मला अजिबात हलकं वाटत नव्हतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरच्या भावेकाकांच्या जागेत गाडी लावायचे आणि काका लिफ्टमध्ये भेटले की वॉचमनवर ढकलायचे. एकदा पावती द्यायला मावशीकडे आले, चहाला बसले आणि फसले. रविवारी सकाळी अख्ख्या बिल्डिंगने गॅलरीतून बघितलं, सेक्रेटरी कबुली देऊन वर बादली घेऊन भावेकाकांची गाडी धुतायत आणि भावेकाका बिचारे बाजूला ओशाळून उभे. तेव्हापासून सेक्रेटरी मावशीची पावती दाराच्या फटीतून आत सरकवतात.

चर्चमध्ये तर वेगळीच मजा. दर शनिवारी मावशी कुमसाराला जाते. कुमसार म्हणजे फादरसमोर गुडघे टेकून आपली पापं कबूल करायची, हळू आवाजात. पण मावशीला कमी ऐकू येतं ना, त्यामुळे तिचा हळू आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. शिवाय ती स्वतःचं पाप संदर्भासहित सांगते. म्हणजे, "फादर, मला राग आला, कारण डिमेलोची सून सासूला फ्रिजमधलं जेवण देते." राग मावशीचा, पण रांगेत डिमेलोची सून. नवीन आलेले फादर तिला आता सगळ्यात शेवटी बोलावतात. त्यांनी तिला तीन वेळा 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायला सांगितलं, तर ती परत आत गेली. म्हणे, फादर, एवढ्या स्वस्तात नको, अजून काय तरी द्या.

हसून हसून मी हे सगळ्यांना सांगत सुटायचे. मग एका रविवारी मी तिच्याकडे बसले होते आणि तिचा फोन वाजला.

आता हे सांगायला हवं. मावशीचा एकुलता एक मुलगा फादर आहे. सिप्रियन. घरचं नाव सिप्पू. हुशार, इतका की तिकडे लांबच्या एका शहरात बिशपच्या ऑफिसात सेक्रेटरी झाला. आमच्या बिल्डिंगमध्ये मावशीची ओळखच 'फादरची आई' अशी होती. मग दोन वर्षांपूर्वी एक प्रकरण बाहेर आलं. तिथल्या शाळेतल्या एका टीचरने एका मोठ्या फादरविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. केबिनमध्ये बोलवायचे, अंगाला हात लावायचे. तो कागद आला सिप्रियनच्या टेबलावर, आणि त्याने तो ड्रॉवरमध्ये टाकला. कारण ते मोठे फादर त्याचे गुरू. गुरूंची गुपचूप बदली झाली, टीचरची नोकरी गेली, कागद तिथेच राहिला. पुढे कुणाला तरी तो सापडला आणि सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, सिप्रियनच्या फोटोसकट. त्याची कामं काढून घेतली. आता तो कुठेतरी डोंगरातल्या एका आश्रमात राहतो.

दर रविवारी सकाळी दहा वाजता तो आईला फोन करतो. त्या दिवशी मला वाटलं मावशीला ऐकू आलं नाही, म्हणून मी फोन उचलायला गेले, तर तिने माझा हात धरला. पदराला हात पुसून ती फोनसमोर खुर्चीत नीट बसली, पाहुणा आल्यासारखी. आणि फोन पूर्ण वाजू दिला. कापला नाही, आवाज बंद केला नाही. थांबला तेव्हा म्हणाली, "आज जास्त वेळ वाजला." दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

मी चिडलेच. मावशी, तू सगळ्यांना माफ करतेस, तो तर तुझा मुलगा आहे, उचल ना एकदा.

ती बोलली, "उचलला तर मी माफ करीन गं. लगेच करीन. मग तो त्या टीचरकडं जायचा नाय."

मग तिने कपाटातून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. त्यात पांढरं कापड, पिवळट पडलेलं, तेलाच्या वासाचं. नवीन फादर होतो तेव्हा बिशप त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतात, हात कापडाने बांधतात, आणि नंतर ते कापड त्याच्या आईला देतात. आई मेली की तेच तिच्या हातात देऊन पुरतात. वर गेल्यावर तिने दाखवायचं, बघ देवा, माझा पोर तुझ्या कामाला दिला.

"याच हातांनी त्यानं कागद ड्रॉवरमदी ढकलला," मावशी बोलली. "मी वर काय दाखवू?"

 

त्यानंतर मावशीने मला स्कूटीवरून रोडपालीला सोडायला सांगितलं. ओळखीची बाई आहे म्हणाली. कळंबोलीच्या ट्रकांमधून जीव मुठीत धरून मी तिला नेलं, तर ती एका बिल्डिंगखाली भाजीवाल्याच्या बाजूला उभी राहिली, वर बघत राहिली, वीस मिनिटांनी पाव किलो गवार घेऊन परत. असं तीन शनिवार. मला तर वाटलं मावशीचं काहीतरी जमलंय. आईला सांगितलंही, आईने पाठीत धपाटा घातला.

चौथ्या शनिवारी दुपारी एक बाई पिशवी घेऊन खाली आली. चाळिशीची, केस वर बांधलेले, हाताला खडू. सरळ मावशीजवळ येऊन विचारलं, तुम्ही कोणाला शोधताय, मी गेले तीन आठवडे वरून बघतेय.

"मी सिप्रियनची आय," मावशी म्हणाली.

तेव्हा मला कळलं ही कोण. नोकरी गेल्यावर टीचर भावाकडे राहायला आल्या होत्या, घरी ट्यूशन घेत होत्या; मावशीने पत्ता चर्चमधल्या ओळखीतून काढला होता. मावशीने हात जोडायला घेतले, तर टीचरने ते धरून खाली केले.

"माफी तुम्ही नका मागू. तुम्ही काही केलं नाही." मग भाजीकडे बघत त्या बोलल्या, "तो कागद मी चार वेळा लिहिला होता. तीन वेळा फाडला. त्यांनी निदान वाचला होता का, एवढंच मला माहीत करून घ्यायचंय."

आणि त्या भाजी न घेताच वर गेल्या.

 मावशी मला म्हणाली, सिप्पूला फोन लाव. मी तिच्याच फोनवरून लावला, स्पीकरवर, कारण तिला कमी ऐकू येतं. अर्धी रिंगही झाली नसेल.

"आय?"

मावशीने डोळे मिटले. पण आवाज नेहमीचाच, सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलते तसा. "ती विचारते, कागद वाचला होतास का?"

 तो म्हणाला, "वाचला होता. दोनदा."

"मला नको सांगू. हितं येऊन तिला सांग."

"ती दार उघडेल?"

"नाय उघडणार कदाचित. मग परत ये. पुढच्या शनिवारी पण ये. मी खाली असते."

आणि तिने फोन ठेवला. म्हणजे माझ्या हातातून घेऊन बोट दाबून बंद केला. कसा आहेस नाही, काय खातोस नाही. दोन वर्षांनी. मला रडू येत होतं आणि तिचा रागही. मी स्कूटी चालू केली, ती मागे बसली, माझा खांदा धरला.

सिग्नलला थांबलो तेव्हा ती माझ्या कानाजवळ आली.

"त्याच्याकडं मागं पाण्याचा आवाज होता, तुला आला?"

मला आला नव्हता. मला नीट ऐकू येतं आणि मला आला नव्हता.

"भांडी घासत होता," मावशी म्हणाली. "एवढ्या दुपारी. म्हणजे आता जेवला."

सिग्नल सुटला, मागून ट्रक हॉर्न देत होते. तिने खांद्यावरची पकड सोडली नाही.

"जेवला," ती परत म्हणाली.