कुणाच्या डावीकडून

हवालदार नावाचा बोका सकाळपासून मधला दरवाजा खरवडत होता. सुट्टीचा दिवस, हातात वर्तमानपत्र, आणि कानाशी ही करवत. थोरल्याचं टाळकं सणकलं होतं.

"एकदा कडी काढा आणि जाऊ द्या त्याला पलीकडे," बायको म्हणाली.

"मी काढणार नाही. ज्याला गरज असेल त्याने काढावी."

"बोक्याने?"

"माझ्या भावाने."

घर एकच, पण दोघा भावांनी मधोमध वाटून घेतलेलं. मधे हा दरवाजा. दोन्ही बाजूंना प्लायवूड, आत फोम ठासून भरलेला, चांगला वीतभर जाड. एकाच्या घोरण्याने दुसऱ्याची झोपमोड नको म्हणून चांगल्या दिवसांत दोघांनी हौसेने बसवून घेतलेला. धाकटा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या एका शिकाऊ बाईंनी गाडी मागे घेता घेता फाटकाचा खांब आडवा केला. खांब थोरल्याने स्वतः मोजून उभा केलेला. तरी त्याने राग गिळला असता, पण धाकटा म्हणाला, "दादा, खांबच चुकीच्या जागी होता." थोरला कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचा. आपली रेघ चुकली, हे वाक्य त्याला साहेबानेही कधी ऐकवलं नव्हतं. त्याने आपल्या बाजूची कडी लावली. तो आवाज ऐकून धाकट्याने आपल्या बाजूची लावली. तेव्हापासून अबोला.

बोका मात्र सामायिक. जेवायला इकडे, झोपायला तिकडे.

कडी काढणं म्हणजे शरणागती, आणि खरवडणं तर सहन होत नव्हतं. शेवटी थोरल्याने बाजारातून मांजरासाठीची झुलती झडप आणली. तिच्या दोन चौकटी होत्या, दरवाज्याच्या दोन बाजूंना लावायच्या. त्यातली एक त्याने बायकोच्या हाती दिली.

"मागच्या अंगणातून जा आणि त्याला सांग, डावीकडून नऊ इंच, खालून सहा. तू तुझी बाजू काप, मी माझी कापतो. बाकी एक शब्द बोलायचा नाही."

"मी बोलायचं नाही की तुम्ही?"

"जा म्हटलं ना."

ती गेली आणि परत आली. दोन्ही बाजूंनी करवती चालू झाल्या. थोरला जमिनीवर आडवा पडून दात ओठ खात कापत होता. प्लायवूडचा तुकडा निघाला, मग फोम. त्याचा पिवळा भुगा मिशीत, कानात, चष्म्याच्या आतल्या बाजूला जाऊन बसला. झटकला की आणखी घट्ट चिकटायचा. खोदत खोदत तो पलीकडच्या प्लायवूडला पोहोचला आणि थबकला. तिथे भोक तर नव्हतंच, साधा ओरखडासुद्धा नव्हता. पण करवतीचा आवाज येत होता, आणि तो भलतीकडूनच, उजव्या अंगाने.

संतापाने त्याने हात आत घातला आणि फोम उपसत उजवीकडे खांद्यापर्यंत रेटला. बोटांना काहीतरी उबदार लागलं. त्याने ते पकडलं. त्यानेही याला पकडलं.

"कोण आहे?" थोरला गुरकावला.

"माझ्या दरवाज्यात माझाच हात. तू कोण आहेस?"

"सोड."

"आधी तू सोड."

दोघांनी हात सोडले. जमिनीला गाल टेकवून थोरल्याने भोकात तोंड घातलं. "डावीकडून नऊ इंच सांगितले होते."

"डावीकडूनच घेतले."

"कुणाच्या डावीकडून?"

"माझ्या. मी काय शेजाऱ्याची डावी बाजू घेऊ?"

"अरे गाढवा, तू दरवाज्याच्या उलट्या बाजूला उभा आहेस."

"मग बिजागरीकडून नऊ, असं सांगायचं होतंस. नकाशे कोण काढतं, तू की मी?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "रोज लोकांना डावं-उजवं शिकवतोस ना? म्हणूनच खांब पडला."

"खांब चुकीच्या जागी होता. या भोकासारखा."

मग खांब निघाला, खांबावरून फाटक निघालं, फाटकावरून लहानपणीची सायकल निघाली. दोघं दरवाज्याच्या दोन बाजूंना पालथे पडून घशाच्या शिरा ताणत होते. आत फोम असल्यामुळे एकमेकांचं निम्मंच ऐकू येत होतं, पण भांडणाला तेवढं पुरत होतं.

नवं भोक कापायला कुणीच तयार होईना, कारण जो कापेल त्याची चूक ठरणार. शेवटी ठरलं की आतला फोम काढून आडवा बोगदा करायचा. बोक्याने इकडून शिरावं, आत वळावं, तिकडून निघावं. बोगदा झाला. हवालदार आला, त्याने हुंगलं, आत शिरला, आणि आतच बसला. एवढी मऊ, उबदार जागा त्याला कुणी कधी दिली नव्हती. थोरल्याने आत घातलेला हात ओरबाडलेलाच बाहेर आला. पलीकडून धाकट्याचंही "आई गं" ऐकू आलं.

"बास झालं," थोरल्याची बायको म्हणाली. तिने कडी सरकवली. पलीकडे धाकट्याच्या बायकोनेही सरकवली. इतके महिने बंद असलेला दरवाजा कुरकुरेल म्हणून थोरल्याने कान झाकले, पण दरवाजा लोण्यासारखा उघडला. बिजागऱ्या तेलाने चकाकत होत्या.

"तेल कुणी घातलं?" त्याने विचारलं.

"आम्ही. तुम्ही दोघं कामावर गेलात की रोज उघडतो," बायको म्हणाली. "बोक्याला तीच सवय लागली आहे. तुम्ही घरी असलात की बंद, म्हणून खरवडतो."

"मग हे सगळं आम्हाला का करू दिलंत?"

"एक शब्द बोलायचा नाही म्हणाला होतात."

पिवळ्या मिशीचा थोरला पिवळ्या भुवयांच्या धाकट्याकडे बघत राहिला. कित्येक महिन्यांनी दोघांना एकाच गोष्टीचा राग आला होता.

"बघितलंस?" थोरला म्हणाला.

"बघतोय, दादा." धाकटा उंबरा ओलांडून इकडे आला आणि थोरल्याच्या शेजारी उभा राहिला. "आपल्याला काय बाहुल्या समजतात?"

"आज दोघींना सरळ करायचं," थोरल्याने बाह्या सरसावल्या. "चहासुद्धा मागायचा नाही."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं, थोरली शांतपणे पलीकडे गेली, दोघींनी दरवाजा ओढून घेतला आणि कडी लावली. दरवाज्याच्या आत बोका झोपलेलाच होता.