कासवकाकांची कात्री

एका जंगलात पुरस्कारांचा हंगाम आला होता, बाळांनो. हा हंगाम आला की प्राणी शिकार सोडून चित्रपट काढतात. ज्यांना चित्रपट झेपत नाही, ते मालिका काढतात.

या सगळ्याची परीक्षणं शलाका नावाची तरुण साळू लिहायची. पिंपळाच्या पानावर एक साप्ताहिक निघायचं. त्याचे संपादक कासवकाका. पान लहान, म्हणून काकांजवळ कायम कात्री.

त्या आठवड्यात आबासाहेब सिंहांचा चित्रपट आला. आबासाहेब जंगलाचे राजे, आणि पुरस्कार समितीचे अध्यक्षही. चित्रपटात ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

शलाकाने लिहिलं, "कथा जमली नाही. वेळ सत्कारणी लागला नाही. आबासाहेब विशीतले वाटले नाहीत."

"बाळ, जागा कमी आहे," काका म्हणाले. त्यांनी प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कापला.

छापून आलं, "कथा जमली. वेळ सत्कारणी लागला. आबासाहेब विशीतले वाटले." खाली शलाकाचं नाव.

तिच्या धाकट्या भावाने ते घरभर मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "ताई, काटे गळाले की काय तुझे?"

साळूजवळ दुसरं असतं काय, बाळांनो? शलाका काकांशी जाऊन भांडली. काका तरुणपणी किती संयमाने लिहायचे, ते त्यांनी सांगितलं. सांगता सांगता दुपार टळली.

पुढच्या आठवड्यात आबासाहेबांचा दुसरा चित्रपट आला. यात ते दहावीत होते. शलाकाने अगदी गुणी मुलीसारखं लिहिलं, "चित्रपट रटाळ नाही. अभिनय उसना नाही. आयाळ रंगवलेली नाही. पुरस्कार आधीच ठरलेला नाही."

"आता कशी शहाणी झालीस," काका म्हणाले. आणि सवयीने कात्री चालवली.

छापून आलं, "चित्रपट रटाळ. अभिनय उसना. आयाळ रंगवलेली. पुरस्कार आधीच ठरलेला."

या वेळी शलाकाने स्वतःचं नाव घातलं नव्हतं. मोठ्या मनाने काकांचं घातलं होतं.

आबासाहेब गर्जत आले. काकांनी डोकं आत ओढून घेतलं. ते जागचे हलले नाहीत. बघ्यांना वाटलं, केवढा हा ताठ बाणा. जंगलभर काकांचा जयजयकार झाला. आता हंगामात राजालाही मन मोठं दाखवावं लागतं. आबासाहेबांनी काकांना 'निर्भीड समीक्षक' पुरस्कार देऊन टाकला.

काका भाषणात म्हणाले, "मी सिंहाला घाबरलो नाही. सत्य कापलं नाही. पुरस्कारासाठी लाळ घोटली नाही." मग ते सत्कारांना निघाले. जाताना कात्री शलाकाच्या हाती देऊन बजावून गेले, भाषण पानावर आलंच पाहिजे.

भाषण आलं. फक्त जागा जरा कमी पडली.

तात्पर्य : बाळांनो, शेवटचा शब्द नेहमी मोठ्यांनाच बोलू द्यावा. तोच तर कापायचा असतो.