फांदी कोणाच्या हद्दीत

लीलाबाईंनी कुंपणावरून अलीकडे झुकलेल्या फांदीची हिरवी सफरचंदं तोडली, कैरीसारखी चिरली, त्यांना मोहरी-तिखट लावून बरणीत भरली, आणि तिसऱ्या दिवशी पत्रपेटीत चिठ्ठी आली. चिठ्ठी शेजारच्या जर्मन गृहस्थांची, हेर होफमानची होती. लीलाबाईंच्या मुलीने, मैत्रीने, ती मराठीत सांगितली: खाली पडलेलं सफरचंद तुमचं, फांदीवरचं माझं. कायदा तसा आहे.

मैत्रीचं म्हणणं, दोन ओळींची माफी लिहून विषय संपवावा. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, अनुपचा, कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा सरकारी कचेरीत होता. अशा वेळी शेजाऱ्याशी वाकडं कशाला? पण तिचे वडील दादाराव खुर्चीत ताठ बसले होते. भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयातून ते नाझर म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी दारातून दुसऱ्यांच्या नावांचा पुकारा ऐकला होता. स्वतःच्या नावाचा एकदाही नाही.

"सफरचंद त्याचं असेल," ते शांतपणे म्हणाले, "पण फांदी आपल्या हद्दीत आहे. त्याने ती कापावी. आपण दावा लावू."

बाड होम्बुर्गला मुलीकडे येऊन त्यांना महिना झाला होता. संग्रहालय झालं, बाग झाली, जावयाच्या ऑफिसची इमारत बाहेरून दोनदा पाहून झाली. आता कुठे त्यांच्या तोंडावर तेज आलं. त्यांनी अनुपला समोर बसवून जर्मनीतली कोर्टं समजावून घेतली. अनुपने मोबाइलवर वाचून सांगितलं, की खालची कोर्टं राज्यांची आणि फक्त वरची केंद्राची. ती वरची पण एक नाही. दिवाणी-फौजदारीचं वेगळं, कामगारांचं वेगळं, सामाजिक विम्याचं वेगळं, करांचं वेगळं, सरकारी कारभाराचं वेगळं. शिवाय कार्ल्सरूहला संविधानाचं कोर्ट, ते या सगळ्यांहून निराळं.

"म्हणजे आपल्याकडे एक शिडी आणि इथे पाच," दादाराव म्हणाले. ते संविधानाशी थांबले. घरात शांतपणे राहणं हा मूलभूत हक्क, आणि मूलभूत हक्कासाठी थेट वर जाता येतं, हे त्यांना भारतीय संविधानाच्या कलम बत्तीसपासून पाठ होतं. त्यांनी सुवाच्य इंग्रजीत चार पानी अर्ज केला, फांदीचा नकाशा जोडला, आणि मुलीला न सांगता कार्ल्सरूहला रजिस्टर्ड पोस्टाने रवाना केला.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. न्यायालयाची भाषा जर्मन आहे, आणि आधी खालच्या न्यायालयांचे मार्ग संपवून यावं, असं त्यात अत्यंत सभ्यपणे लिहिलं होतं. केंद्रीय शिक्का असलेला लिफाफा पाहून मैत्रीला वाटलं, वास्तव्याचा अर्ज फेटाळला. ती स्टुलावर बसून राहिली. खरा मजकूर कळल्यावर ती वडिलांशी दोन दिवस बोलली नाही. दादारावांनी मात्र लिफाफा जपून ठेवला. त्यावर त्यांचं नाव छापील होतं.

तिसऱ्या दिवशी ते अनुपला घेऊन आम्ट्सगेरिश्टमध्ये, म्हणजे सगळ्यांत खालच्या कोर्टात गेले. तिथल्या बाईंनी नकाशाचं कौतुक केलं आणि सांगितलं, की शेजाऱ्यांच्या भांडणात आधी शीड्समानकडे जावं लागतं. शीड्समान म्हणजे नगरपालिकेने नेमलेला बिनपगारी मध्यस्थ; आपल्याकडच्या तंटामुक्ती समितीसारखा. त्याने समेट घडवायचा, नाही घडला तरच कोर्ट. गुरुवारी चार ते सहा, टाउन हॉल, खोली क्रमांक बारा.

गुरुवारी दादाराव कोट घालून निघाले. दुभाषी म्हणून मैत्रीला जावंच लागलं. खोली बाराचं दार उघडलं, तर टेबलामागे हेर होफमान बसले होते.

मग होफमाननी अर्ज मागून घेतला. नकाशा उलटसुलट पाहिला. त्यांचा चेहरा आधी खुलला आणि मग पडला. ते मैत्रीशी बराच वेळ हळूहळू बोलले.

"काय म्हणतात?" दादारावांनी विचारलं.

"बाबा, ते म्हणतात, चार वर्षं ते दर गुरुवारी इथे बसतात. गावात कुणी भांडतच नाही. तुमचा पहिला अर्ज. आणि तो त्यांच्याच विरुद्ध आहे, म्हणून त्यांना तो चालवता येत नाही."

"बरोबर आहे," दादाराव म्हणाले. "आपल्याच दाव्यात आपण निवाडा द्यायचा नसतो." आणि समोरच्या माणसाची त्यांना फार कणव आली.

दुसऱ्या प्रभागातल्या बाई बदली मध्यस्थ म्हणून होत्या. पण त्या सुट्टीवर, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दादारावांचं विमान पुढच्या रविवारी. दोघांनी कॅलेंडर पाहिलं. कायदेशीर वाट कुठूनच निघत नव्हती. सहा वाजेपर्यंत मैत्री मध्ये बसून दोन देशांच्या कोर्टांतल्या तारखा, पुकारे आणि शिक्के यांचं भाषांतर करत राहिली. फांदीचा विषय पुन्हा निघालाच नाही.

निघताना होफमाननी दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून काहीतरी विचारलं. मैत्रीने सांगायला जरा वेळ घेतला.

"ते विचारतात, आपल्या दुसऱ्या बाजूला फ्राऊ लांग नावाच्या बाई राहतात ना, त्यांचं कुंपण तुम्हाला जरा उंच नाही का वाटत? वाटत असेल, तर शनिवारी खास बैठक ठेवता येईल."

मैत्रीने वडिलांना दंडाला धरून बाहेर काढलं. घरी येऊन दादारावांनी कोट खुंटीला लावला, आणि पाणी पिऊन जावयाला हळूच विचारलं, घरात मोजायची टेप आहे का.