न संपणारा गॅस

ग्राहकाचे नाव

"सिलिंडर म्हंजे गेल्या पिढीचं खूळ हाय," असं बाळासो चौगलेनं तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं, तेव्हा त्याच्या घरात पाइपचा गॅस येऊन पुरते चार तास झाले होते.

बाळासो शाहूपुरीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटर सांभाळतो. वय बावन्न. मिशी भरघोस, आणि सल्ला द्यायची हौस मिशीहून भरघोस. दोन वर्षांमागं त्याच्याच सांगण्यावरून गल्लीतल्या चौदा घरांपैकी सात घरांनी पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवली. त्यातलं एक अजून चालतं. बाकी सहांच्या टाक्यांत बायका ज्वारी ठेवतात.

म्हणून तालमीचे अध्यक्ष विजयसिंह यावेळी सावध होते.

"बाळासो, आमी आदी बघणार. तुझं पयलं बिल येऊ दे. ते हितं समद्यांसमोर वाचायचं. आकडा पटला तर चौदाच्या चौदा घरं फारम भरतील."

"आनि न्हाय पटला तर?"

"तर हितनं पुढं तू गल्लीला सल्ला द्यायचा न्हाय. कशावरबी."

बाळासोला एक वेळ कुणी जेवू नको म्हटलं असतं तर चाललं असतं. तरी तो हसला. "वाचतो की. आनि ध्यानात ठेवा, ह्यो गॅस संपत न्हाय. चोवीस तास, बारा म्हैने. कितीबी जाळा, संपायचा विषयच न्हाय."

कट्ट्यामागच्या घरांच्या खिडक्या तेव्हा उघड्या होत्या.

पुरवठ्याचा पत्ता

तालमीमागची गल्ली, तिसरं घर. राहणारी माणसं तीन: बाळासो, त्याची बायको क्रांती आणि आई धोंडुबाई. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार बोळात. मागच्या दाराची नोंद बिलावर नसते. असायला हवी होती.

मागील वाचन: शून्य

पुढचे दोन महिने बाळासोच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते.

तो सकाळी साडेनवाला घर सोडायचा आणि रात्री आठला जेवायला बसायचा. पूर्वी ताटात भाकरी, एक भाजी आणि फोडलेला कांदा असे. आता ताटाभोवती वाट्या जमू लागल्या. सोमवारी आख्खा मसूर. मंगळवारी कटाची आमटी, शेजारी पुरणपोळी. बुधवारी पांढरा रस्सा, आणि तो असा की बाळासोनं वाटी तोंडाला लावून संपवली आणि मग मिशीही निपटली.

"आज काय हाय?" त्यानं पहिल्या आठवड्यात विचारलं.

"खावा की गप," क्रांती म्हणाली.

यात ती काही खोटं बोलली नव्हती. बाळासोनं आपल्या परीनं कारण शोधलं आणि त्याला ते सापडलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात क्लच प्लेट न्यायला आलेल्या माणसालाही तो सांगू लागला, "पाइपच्या गॅसची आच सरळ असती. सिलिंडरची आच भरकटती. सरळ आचेवर पदार्थ चव धरतो." पँट कमरेला बसेना, तेव्हा ती धुण्यात आटली असं त्यानं ठरवलं.

एकच गोष्ट खुपायची. कट्ट्यावर पाइपच्या गॅसचा विषय निघाला की उदयसिंह, जो विजयसिंहांचा धाकटा भाऊ आणि कुणाचंही कौतुक न पचणारा माणूस, मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "आमचा सिलिंडर दोन म्हैने झालं, अजून हाय."

"आमचाबी," विजयसिंह म्हणायचे. "आमच्या हिच्या हाताला काटकसरच तशी."

चौदा घरांतले चौदा नवरे आपापल्या बायकांच्या काटकसरीवर खूश होते. इतकी वर्षं महिन्यात संपणारा सिलिंडर एकाएकी दोन महिने कसा पुरतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. चांगली गोष्ट घडली की माणूस चौकशी करत नाही. बाळासोनं तरी कुठं केली होती?

चालू वाचन: ११८

बिल बुधवारी आलं. बाळासोच्या हिशेबानं पंचवीस युनिट व्हायला हवी होती. त्यानं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा आणखी स्वच्छ दिसू लागला. एकशे अठरा.

तालमीतलं वाचन रविवारी होतं.

"मीटर येडं झालंय," तो म्हणाला.

क्रांती शिलाई मशिनीवर कुणाचा तरी ब्लाउज शिवत होती. तिनं मान वर केली नाही. "आसंल."

"माझ्या च्याचं आसंल," धोंडुबाई म्हणाल्या. "दोनदा घेतो मी."

"आये, दोन कप च्यानं एकशे अठरा हुतंय व्हय? तू च्या करतीस का रेल्वेचं इंजन चालवतीस?"

त्यानं तक्रार नोंदवली. तपासणीला माणूस शुक्रवारी येणार असं ठरलं. बाळासोनं लगेच दुकानात फोन करून रजा टाकली.

"तुमी कशाला रजा काढता? मी बघतो की," क्रांती म्हणाली.

"मला मीटर रंगेहाथ धरायचंय."

"दुपारी गरम हुतंय घरात. तुमास्नी सोसायचं न्हाय."

"सोसंल."

"मग पुढच्या सोप्यात बसा. आत येऊ नगासा."

नवऱ्याच्या तब्येतीची एवढी काळजी क्रांतीनं बावीस वर्षांत केली नव्हती. बाळासोला बरं वाटलं.

तपासणी

तपासणीला आलेल्या माणसाचं नाव धवल. शांत, चष्मेवाला, हातात एक लहान पेटी. त्यानं कॉक बंद केला. मीटरचा शेवटचा लाल आकडा जागच्या जागी थांबला. त्यानं एक शेगडी पेटवली. आकडा गोगलगायीसारखा सरकू लागला. त्यानं सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासले. एक बुडबुडा आला नाही.

"मीटर ठीक आहे. गळती नाही. घरात माणसं किती?"

"तीन."

"खानावळ चालवता?"

"न्हाय."

"लग्नाच्या ऑर्डरी वगैरे?"

"अवो पावणं, मी क्लच प्लेटा इकतो."

क्रांती स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होती. "पावणं कुठलं तुमी?" तिनं मध्येच विचारलं.

"गारगोटी."

"आता गं बया. माझं म्हायार. मग जेवल्याबिगर जायाचं न्हाय. चला, पुढच्या सोप्यात बसा दोघंबी. चला."

दोघं निघणार, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. कुणी विचारत नव्हतं. ती सवयीची कडी होती. दार उघडून आक्का आत आल्या. आक्का म्हणजे विजयसिंहांच्या पत्नी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पातेलं.

"क्रांते, आज मटण दोन किलो हाय, मोठी शेगडी मला..."

त्यांनी बाळासोला पाहिलं. पातेलं डोक्यावरच राहिलं.

"भांडं परत द्यायला आलतो," आक्का म्हणाल्या.

"भांडं भरल्यालं हाय, आक्का," बाळासो म्हणाला.

"मग रिकामं कसं द्यायचं?"

"मटण कच्चं हाय त्यात."

"शिजवून घ्या की. तेवढं तरी करा."

एवढ्यात पूर्णिमा आली. ती उदयसिंहाची बायको. तिच्या हातात कुकर.

"नवीन कुकर दाखवायला आलतो," ती कुणी न विचारता म्हणाली. कुकराचा दांडा तारेनं बांधलेला होता आणि बूड तव्यासारखं काळं होतं. झाकणाआडून भिजवलेला मसूर टपटप गळत होता.

तिच्या मागोमाग शेजारच्या चिमणाबाई. कमरेवर परात, परातीत चटणीसाठी भाजायचे शेंगदाणे. चिमणाबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी बाळासोला पाहिलंच नाही. शेगडीजवळ पेटी घेऊन उभा असलेला धवल मात्र त्यांना दिसला.

"ह्या पावण्यांचा नंबर माझ्या आदी हाय व्हय?"

पाइपच्या गॅसची सरळ आच तेवढी फुरफुरत राहिली.

"नंबर?" बाळासो म्हणाला.

धोंडुबाईंनी सुस्कारा टाकला आणि दाराआडच्या खिळ्यावरची पाटी काढून मुलाच्या हातात दिली. पाटीवर खडूनं वार होते आणि वारांपुढं गल्लीतल्या बायकांची नावं. सोमवार नि शुक्रवार, पूर्णिमा, मसूर. मंगळवार, मोना, पुरण. बुधवार नि शुक्रवार, आक्का, पांढरा रस्सा.

बाळासो वाचत गेला. शनिवारपर्यंत आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे आपण आधी कुठंतरी पाहिलंय. हे त्याचं दोन महिन्यांचं जेवण होतं.

इतर आकार

"तूच म्हनलास, संपत न्हाय," धोंडुबाई म्हणाल्या. "मग गल्लीतल्या पोरींनी सिलिंडर जाळून कशाला संपवायचा? मीच बोलीवलं त्यास्नी. आनि नेम घालून दिला. ज्याच्या शेगडीवर शिजलं, त्याच्या घरात वाटीभर ऱ्हायाला पायजे. कुणी चुकवलं न्हाय हां."

"आये, संपत न्हाय म्हंजे फुकट न्हाय!"

"ते तू कट्ट्यावर सांगितलं न्हाईस."

ते खरं होतं.

धवलनं अहवालात 'मीटर योग्य' असं लिहिलं. मग माहेरच्या आग्रहापुढं हात टेकून तो जेवायला बसला. रस्सा त्यानं तीनदा घेतला आणि जाताना आक्कांना विचारून घेतलं, खोबरं वाटताना तीळ किती घालता.

विलंब आकार

शनिवारी बाळासोनं मागच्या दाराला आतून कडी घातली आणि पाटी पुसली.

रात्री ताटात दोडक्याची भाजी होती. भाकरी. कांदा. वाट्या नव्हत्या. बाळासोनं एक घास खाल्ला आणि उठून शेगडीकडं पाहून आला. पाइप तोच, गॅस तोच, आच सरळ.

"चव का न्हाय हिला?"

"दोडक्याला दोडक्याचीच चव येती," क्रांती म्हणाली. तिनं आणखी थोडा वाढला. "बिलाचं मनाला लावून घिऊ नगासा. बायकांचं कालच ठरलंय, समद्या मिळून भरणार हाय. पर उद्या तालमीत त्येंची नावं घेऊ नका. विजयसिंहदाजी दोन म्हैने झालं काटकसर काटकसर म्हनून आक्कांचं कवतिक करायल्यात. आक्कांनी त्येंच्याम्होरं तोंड कुठं लपवायचं?"

"आनि नावं न्हाय घेतली तर गॅसचं नाव बद्दू. माझं तोंड कायमचं बंद."

बाळासो दोडका चावत राहिला. तो बराच वेळ चावावा लागला.

भरणा करण्याची अंतिम तारीख

रविवारी सकाळी तालीम भरली. पुढं पुरुष सतरंजीवर, मागं भिंतीला लागून बायका. आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. पूर्णिमाचं लक्ष चपलांकडं होतं. बाळासोच्या एका खिशात बिल होतं, दुसऱ्यात चौदा कोरे फॉर्म.

"वाच," विजयसिंह म्हणाले.

बाळासोनं वाचलं. "एकशे अठरा."

हसण्याचा असा लोट उठला की आखाड्यातली कबुतरं उडाली.

"तीन मान्सांत?" उदयसिंह डोळे पुसत म्हणाला. "आरं, ह्येवढ्यात आमचं सहा सिलिंडर आलं आसतं. काय, मीटर बिघाडलं न्हवं?"

पळवाट समोर उघडी होती. बाळासोनं मागं पाहिलं. भिंतीकडच्या सगळ्या नजरा त्याच्यावर होत्या, आणि त्यांतली एक क्रांतीची होती.

"मीटर बरोबर हाय," तो म्हणाला. "गॅसबी बरोबर हाय. माझं खाणं वाढलंय." आणि त्यानं पोटावर हात ठेवला.

सगळ्या तालमीनं त्या पोटाकडं पाहिलं. पुरावा ठळक होता. कुणीच हरकत घेतली नाही.

आता निकाल लागणार, आता आपलं तोंड बंद होणार, म्हणून बाळासोनं मान खाली घातली. पण विजयसिंह उठले आणि त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"गड्यानू, हसू नगासा. ह्यो माणूस मीटरवर ढकलू शकला आसता. बिल हारवलं म्हनू शकला आसता. न्हाय म्हनला. भर तालमीत सवताच्या पोटावर घेतलं. बाळासो, इतक्या वर्सांत आज पयल्यांदा तुझ्यावर इश्वास बसला. आन ते फारम. पयला माझा."

"दुसरा आमचा," मागून कुणी म्हणालं.

"आमास्नीबी दे."

हात पुढं आले. चौदा घरांचे हात. बाळासो बावन्न वर्षं या हातांची वाट बघत होता. त्याचा हात खिशात गेला, फॉर्मांना लागला, आणि तिथंच थांबला.

चौदा घरं. चौदा पाइप. चौदा स्वयंपाकघरांत चौदा सरळ आचा. आक्कांचा रस्सा आक्कांच्या घरात, पूर्णिमाचा मसूर पूर्णिमाच्या घरात, मोनाचं पुरण मोनाच्या घरात. आणि आपल्या घरात दोडका.

"बसा," बाळासो म्हणाला. "घाई करू नगासा. माझा सल्ला आइका."

सगळे बसले.

"सिलिंडरासारखी वस्तू न्हाय."

आणि गल्लीनं बाळासोचा सल्ला पहिल्यांदाच एकमतानं मानला.

टीप

त्या संध्याकाळी मागच्या दाराची कडी बाळासोनं स्वतः काढली. चौदा कोरे फॉर्म धोंडुबाईंनी मागून घेतले. वाट्यांवर झाकायला ते अगदी मापाचे निघाले.