हात धरण्याचं प्रमाणपत्र

आमचे वडील शेवटच्या आजारात होते, आणि नेमक्या त्याच महिन्यात रुग्णालयाने 'अंतिम काळजी गुणवत्ता व सुरक्षा समिती' स्थापन केली. वडिलांचं मागणं एकच होतं, "जवळ कोणीतरी बसा रे." ते रीतसर नोंदवून घेण्यात आलं.

पहिल्याच बैठकीत समितीने खाटेजवळची खुर्ची काढली. तिला ठेचकाळून कोणी पडलं असतं तर? खाटेवर टेकावं, तर जंतुसंसर्ग. मी उभा राहिलो, तर वाटेत येतो म्हणे! शेवटी मला दाराबाहेर पिवळ्या रेषेमागे उभं केलं. तिथून वडिलांचे फक्त पाय दिसत.

रुग्ण शांत आहे ना, हे दर तासाला तपासायचं ठरलं. परिचारिका येऊन वडिलांना हलवून जागं करायची. "आजोबा, शांत वाटतंय का? दहापैकी किती?"

"तू उठवेपर्यंत दहा होते गं पोरी," वडील म्हणायचे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, जाता जाता तिला चादरीची उसवलेली शिवणही दाखवायचा. ती बिचारी ओशाळून सहा लिहायची.

मी समितीच्या अध्यक्षांना गाठलं. "अहो डॉक्टर, बाप चाललाय माझा! त्याचा हात धरायलाही तुमची परवानगी?"

"छे छे, परवानगी कसली?" ते मऊ आवाजात म्हणाले. "फक्त प्रशिक्षण. चुकीचा धरलात तर सलाईनची सुई निघते."

दोन दिवस प्रशिक्षण चाललं. रबरी हातावर सराव, मग लेखी परीक्षा. मी पहिला आलो. समितीने टाळ्या वाजवल्या, प्रमाणपत्र दिलं, खुर्ची परत आणली आणि भेटीच्या वेळेचं बंधनही उठवलं. "बसा आता हवं तेवढं."

बसलो. हात धरला. वडिलांनी डोळे उघडले. "आलास? बस." मला अगदी भरून आलं.

पुढे मात्र दोघांनाही काही बोलायला सुचेना. सातव्या मिनिटाला मी घड्याळ पाहिलं. नवव्या मिनिटाला बाहेर येऊन परिचारिकेला हळूच विचारलं, "ताई, हात धरून बसायला तुमचा एखादा माणूस नाही का हो मिळत?"

"मिळतो ना. पण प्रतीक्षायादी फार मोठी आहे. सगळ्यांच्याच मुलांनी नावं दिलीत."

तिने यादी पुढे केली. मी निमूटपणे तळाशी सही ठोकली.

तुम्ही हसू नका. त्या यादीत तुमचं नाव माझ्यापेक्षा बरंच वर होतं.