हत्तिणीच्या पोटातले अठरा अंश

"चौदा!" बाबांनी तापमापकाला नाक लावून जाहीर केलं. "बाहेर चार, आत चौदा. कोण म्हणत होतं जुन्या गाडीत ऊब राहत नाही?"

म्हणत सगळेच होते, पण आत्ता कबूल कोण करणार? हत्तिणीच्या पोटात पाच माणसं अशी कोंबली होती की कुणाला नाक खाजवायचं असेल, तर शेजारच्याला आधी वर्दी द्यावी लागत होती.

हत्तीण म्हणजे अंगणात उभी असलेली बेचाळीस वर्षांची राखाडी गाडी. आत घडीचा पलंग, घडीचं टेबल आणि वाटीएवढं बेसिन. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाने चष्म्याचा नंबर काढून घेता घेता ही त्यांच्या गळ्यात मारली. उन्हाळ्यात ती एकदाच सहलीला गेली, दुसऱ्याच्या ट्रकला बांधून परत आली आणि तेव्हापासून अंगणात ठाण मांडून बसली.

पण थोरलीला ती हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती. परीक्षा अकरा दिवसांवर आलेली आणि घरात खोल्या दोन. एका खोलीत आईचं शिलाई मशीन सकाळपासून खडखडायचं. दुसरीत आजोबांचा रेडिओ, तोही आजोबांना ऐकू येईल एवढा, म्हणजे चौकात ऐकू येईल एवढा. उरलेल्या जागेत धाकटी. तिला घरात भोंगा म्हणत, आणि तिला स्वतःलाही ते नाव पटलेलं होतं. थोरलीला सगळ्या जगात फक्त एक दार हवं होतं, ज्याला आतून कडी लागते.

"घे की हत्तीण!" बाबा म्हणाले होते.

"या थंडीत?" आईने सुई दातात धरून विचारलं. "आत पंधरा अंश भरले तरच जायचं. पोरगी आजारी पडली तर पेपर काय मी लिहू?"

झालं. पंधरा हा घरातला कायदा ठरला. पहिल्या दिवशी बाबांनी स्वयंपाकघरातून वायर ओढून विजेची शेगडी लावली. पंधरा होण्याआधीच घरातले दिवे गेले, मशीन बंद पडलं आणि आईच्या हातातला कोट अर्ध्या बाहीवर अडकला. शेगडीवर कायमची बंदी आली. दुसऱ्या दिवशी खिडक्यांना फुग्याफुग्यांचा प्लॅस्टिकचा कागद लागला. त्या कागदाची किमया म्हणजे हे चौदा.

"एकच अंश कमी आहे," बाबा म्हणाले. "एक अंश म्हणजे काय! तू बस अभ्यासाला, उद्या बघू."

सगळे उतरले. थोरलीने कडी लावली, वही उघडली आणि खरंच, काय ती शांतता! अर्ध्या तासाने बोटं वाकेनात. पेन झटकलं तरी उमटेना. तिने तापमापकाकडे पाहिलं. सात.

ती धावत घरात गेली. "बाबा, आत सात आहेत!"

"सात कसे असतील? चल, बघू."

बाबा निघाले म्हणून आई निघाली, आई निघाली म्हणून भोंगा, आणि सगळे निघाले म्हणून आजोबा. पुन्हा पाच जण आत. "दार लावा, ऊब जाते!" मग पंधरा मिनिटं वाद झाला. चूक कुणाची? कागद लावणाऱ्याची, गाडी घेणाऱ्याची, की घेऊ देणाऱ्याची? वादाच्या शेवटी बाबांनी तापमापकाला नाक लावलं.

"कुठे सात? चौदा! बाळा, डोळे तपासून घे. दुकान घरचंच आहे."

"अहो, मघाशी सात होते!"

"मघाशी तू एकटी होतीस. एकट्या माणसाला जास्त थंडी वाजते. मनाचे खेळ असतात ते."

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्याने हत्तिणीच्या बुडाखाली डोकं घातलं, दारांचं रबर चिमटीत धरून पाहिलं आणि सगळ्यांसोबत आत शिरून निदान केलं.

"रबर गेलंय. पत्रा गार. खालून गारवा येतोय, वरून येतोय. गालिचा टाका, जाड पडदे लावा. पण काही झालं तरी छताचा झरोका उघडा ठेवा बरं का! एवढी माणसं आत श्वास घेताहेत, गुदमराल."

"सोळा!" बाबा ओरडले. "बघा, जाणकार माणूस नुसता आत आला तर दोन अंश वाढले!"

मेकॅनिक लाजला. "आधी तो सांगतोय ते सगळं टाका, मग परवानगी," आई म्हणाली. थोरलीला काहीतरी खटकलं, पण काय ते सापडेना, कारण भोंगा तिच्या पायावर उभी होती.

मग घर हळूहळू अंगणात जायला लागलं. बैठकीतला गालिचा गेला. आईने गेल्या वर्षी दोन आठवडे खपून शिवलेले घरातले अस्तराचे पडदे गेले. गरम पाण्याच्या दोन्ही पिशव्या गेल्या. शेवटी आजोबांची जाड रजई गेली. ती त्यांनी "नातीच्या विद्येसाठी" दिली, आणि नंतर तासभर कानटोपी घालून उघड्या फरशीवर फेऱ्या मारत ती दिल्याचं सगळ्यांना ऐकवलं. प्रत्येक वस्तू गेली की सगळे मोजायला आत. प्रत्येक वेळी आकडा वाढलेला. साडेसोळा. सतरा. आणि सहाव्या दिवशी, अठरा! बाबांनी आईचा हात धरून हलवला. आईनेही हसून परवानगी दिली.

सगळे उतरले. थोरली रजईत शिरली. उघड्या झरोक्यातून वाऱ्याचा एक बारीक पट्टा थेट तिच्या मानेवर येत होता. मघाच्या पाच जणांचे श्वास छताच्या पत्र्यावर थेंब होऊन जमले होते आणि ते टपाटप वहीवर पडत होते. पुस्तकही भिजायच्या आत एक धडा वाचावा म्हणून तिने ते पुढे ओढलं. धडा उष्णतेचा. चौकटीत एक वाक्य होतं: शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो.

थोरलीने वाक्य पुन्हा वाचलं. मग तापमापक पाहिला. आठ. मग बोटांवर मोजलं. बाबा शंभर, आई शंभर, आजोबा शंभर, भोंगा (ती शांत बसत नाही, पण धरू शंभर), आपण शंभर. मेकॅनिक आला त्या दिवशी सहाशे!

"अरे देवा!" ती रजईला म्हणाली. सहा दिवस यांनी गाडी मोजलीच नव्हती. स्वतःलाच मोजत होते!

आता सांगावं तर पंचाईत. आई ऐकून घेईल, मान डोलवेल आणि म्हणेल, "म्हणजे एकटीला आठच ना? चल घरात." घरात म्हणजे मशीन, रेडिओ आणि भोंगा. परीक्षेला पाच दिवस. आठ अंशांत बसावं तर बोटं चालत नाहीत, घरात बसावं तर डोकं. तिला रडू येणार एवढ्यात दारावर थाप पडली.

दारात आजोबा, काखेत रेडिओ. "माझी रजई इथे आहे, तर मी पण इथेच. घरात बर्फ झालाय नुसता! सरक."

"आजोबा, माझा अभ्यास..."

"कर की. मी कुठे बोलतोय? हा बोलतोय," असं म्हणून त्यांनी रेडिओ लावला.

दहा मिनिटांत आई हातशिलाई घेऊन आली. "पडदे नाहीत, गालिचा नाही, बोटं आखडली माझी. इथे किती बरं वाटतंय ग!" तिच्या पाठोपाठ भोंगा सगळी खेळणी घेऊन आली आणि आल्या आल्या तिने हत्तिणीचा भोंगा वाजवून पाहिला. बाबा दुकानातून थेट आतच आले. तापमापक चढत चढत अठरावर पोचला. सगळ्यांचे चेहरे लोण्यासारखे मऊ झाले. थोरली मात्र बेसिनला चिकटून उभी होती. पुस्तक डोक्यावर, कोपर पोटात, कानात बातम्या.

एकाएकी तिच्या लक्षात आलं. सगळेच इथे आहेत. सगळेच्या सगळे!

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"घरात जाते जरा. वाचायला."

"त्या गारठ्यात?"

"दोन स्वेटर घालते ना, आई."

"पण दार लाव पटकन," बाबा म्हणाले, "ऊब जाते!"

तिने दार अगदी मनापासून लावलं. घरात फरशी उघडी, खिडक्या बिनपडद्याच्या, आणि मशीन गप्प. तिने दोन स्वेटर घातले, वर आजोबांचा कोट घातला, मोज्यांवर मोजे चढवले. मग दाराची कडी लावली. आतून. आणि दिव्याखाली बसून पहिलं गणित एका झटक्यात सोडवलं.

तिसऱ्या गणिताला अंगणातून बाबांचा आवाज आला. "अगं, अठराचे सोळा कसे झाले? नक्की कुठेतरी फट राहिलीय!"

थोरलीने खिडकी बोटभर उघडली.

"शोधा, बाबा!" ती ओरडली. "सगळे मिळून शोधा. आणि घाई करू नका!"