गार्डकाकांचा हिरवा बावटा

"उशीर? माझ्या गाडीला?" गार्डकाकांनी कप असा आदळला की बशीचे दोन तुकडे झाले.

गावची बंद पडलेली रेल्वे वारसा म्हणून पुन्हा सुरू होत होती. पहिल्या फेरीला समितीच्या सचिवांनी निवृत्त गार्डकाकांना मानानं बोलावलं होतं. वर अक्कल पाजळली होती, की जुन्या आठवणी जाग्या व्हाव्यात म्हणून गाडी मुद्दाम उशिरा सोडायची.

"खोटं काय त्यात?" काकू म्हणाल्या. "लग्नालासुद्धा त्याच गाडीनं आलात. आमचे पाहुणे जेवून झोपले होते."

"ती इंजिनाची चूक."

काकूंनी विषय वाढवला नाही. नवऱ्यानं जन्मभर साऱ्या दुनियेला हिंडवलं, त्यांना मात्र एकदाही गाडीत बसवलं नव्हतं. आज खिडकीची जागा कबूल झाली होती, आणि तिच्यावर पाणी सोडायची त्यांची तयारी नव्हती.

स्टेशनात पोचल्यावर कळलं, काखेत लाल बावटा तेवढा आहे, हिरवा घरीच राहिला. "डोळे कुठे गेले होते तुझे?" म्हणत काकांनी काकूंनाच परत पिटाळलं.

तेवढ्यात दहा वाजले, गाडी सुटायची वेळ झाली. पाहुणे निवांत चहा पीत बसलेले. काकांचं डोकं फिरलं. त्यांनी गार्डाच्या डब्यातला हिरवा पडदा ओरबाडला, तोच हलवून शिट्टी फुंकली, आणि रिकामी गाडी अगदी वेळेवर सुटली.

काकू धावत आल्या. "अहो, थांबवा," म्हणत जीव खाऊन हातातला बावटा हलवू लागल्या. ड्रायव्हरनं मागे पाहिलं, हिरवं दिसलं, वेग वाढवला. काकूंनी आणखी जोरात हलवला. त्यानंही आणखी वाढवला.

एकीकडे अब्रू, दुसरीकडे बायको. स्वतःलाच शिव्या घालत काकांनी लाल बावटा बाहेर धरला.

गाडी थांबली. काकांनी खाली उतरून काकूंना हात देत वर चढवलं, तोच सचिव धापा टाकत आले. "वा काका, मधेच थांबवलीत. अगदी पूर्वीसारखं."

"पूर्वीसारखं काय, पूर्वीसारखं? एकदा तरी बसला होतात का माझ्या गाडीत?" काकांनी त्यांची कॉलरच धरली.

"अहो, बावटा घ्या तुमचा," काकू खिडकीतून म्हणत होत्या. ऐकतो कोण? "घ्या म्हणते ना," म्हणत त्यांनी हात लांब करून बावटा जोरात फडकवला.

ड्रायव्हर शिस्तीचा माणूस. हिरवं दिसलं, गाडी सुटली.

"आता पुढची गाडी कधी?" सचिवांनी कॉलर सोडवत विचारलं.

"पुढच्या रविवारी," काका दात-ओठ खात म्हणाले.

तिकडे खिडकीत काकू ऐसपैस बसल्या होत्या, आणि बावटा आत घेण्याची त्यांना मुळीच घाई नव्हती.